मॅटखालची लाल रेघ

मित्रांनो, मी जुना आहे हे कबूल. पण एवढ्यात मला भंगार म्हणू नका. ते म्हणायला रविवारी माणूस येणारच आहे. तोवर माझी हकिगत ऐकून घ्या, कारण ती सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला तर तोंडच नाही.

मी एक बंद ट्रेलर आहे. म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा मोठा खोका. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. कुणी जीपला जोडलं की निघायचं, सोडलं की थांबायचं. जन्मभर दुसऱ्याच्या मागून चालणं हे माझं नशीब. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते एकदाच, आणि तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म गोखिवऱ्याच्या एका शेडमध्ये मर्विनच्या हातून झाला. वसईत गेट आणि ग्रिल करणारे पुष्कळ आहेत, पण मर्विन आपलं काम चारही बाजूंनी फिरून बघतो आणि मगच रंगाचा डबा उघडतो. मला बनवून घेतलं होळी गावच्या दिनानाथांनी. त्यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी, शिवाय रोपांची नर्सरी. उघड्या टेम्पोत वाऱ्याने कोवळी रोपं झोडपली जायची, म्हणून त्यांनी बंद ट्रेलर करायला सांगितला. जीपमागून मी वसईभर रोपं पोचवायचो. एव्हरशाईन सिटीतल्या इमारतींखाली माझं दार उघडलं की बायका म्हणायच्या, "अगंबाई, आत तर अख्खी बागच आहे!" मी फुगून जायचो. पत्र्याला फुगता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

दिनानाथांची मुलगी रेवा तेव्हा लहान होती. लपाछपीत ती कायम माझ्यात लपायची आणि कायम सापडायची, कारण तिला हसू आवरायचं नाही.

मग लोक रोपं फोनवरून मागवायला लागले. ती खोक्यातून कुरिअरने यायला लागली. मला वाडीच्या कोपऱ्यात आंब्याखाली उभं केलं. आधी माझ्यात खताच्या गोण्या आल्या, मग मोडका पाळणा, मग सरलाताईंच्या कोंबड्या. सरलाताई म्हणजे रेवाची आई. मी गंजत राहिलो. अंडी मात्र उबदार जागी घातली गेली, एवढंच समाधान.

रेवा मोठी झाली, इंजिनिअर झाली आणि काय करावं? शर्यतीच्या गाड्या चालवायला लागली! एक छोटी जुनी गाडी घेऊन तिने तिची आतली गादी-बिदी सगळी काढून टाकली, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला आणि रविवार आला की कुठल्या ना कुठल्या ट्रॅकवर निघाली. दिनानाथ भडकले. "हाडं मोडून घ्यायची हौस आहे तिला!" असं म्हणून त्यांनी तो विषयच घरात बंद केला. या घरातली आपसातली बोली वेगळी आहे, मित्रांनो. मला ती समजते, पण तुम्हाला कळावं म्हणून तुमच्या भाषेत सांगतो.

शेवटी सरलाताईंनी एकदा हट्टाने नवऱ्याला शर्यत बघायला नेलं. रेवा दुसरी आली. पण दिनानाथांनी बक्षीस नाही पाहिलं. त्यांनी पाहिलं ते हे, की बाकीच्यांच्या गाड्या बंद ट्रेलरांतून ऐटीत आल्या आणि त्यांच्या लेकीची गाडी उघड्या टेम्पोवर दोऱ्यांनी करकचून बांधलेली. घरी आल्या आल्या ते माझ्याकडे आले आणि कोंबड्या हुसकायला लागले.

"अहो, हे काय मांडलंय?" सरलाताई ओरडल्या.

"बायची गाडी उघड्यावर न्यायची आणि आपला ट्रेलर कोंबड्यांना? वा रे न्याय!"

रेवा दारात उभी होती. तिने खराटा उचलला आणि बापाबरोबर माझी झाडलोट करायला लागली. त्या दिवसासारखा आनंद मला कधी झाला नाही.

मी परत मर्विनच्या शेडमध्ये गेलो आणि माझा कायापालट सुरू झाला. मला कापून लांब केलं. एका आसाच्या जागी दोन आस आले, दोनाची चार चाकं झाली. खाली नक्षीचा जाड पत्रा आला. मागचं दार असं केलं की खाली पाडलं की त्याचाच उतार होतो. गाडी आत ओढून घ्यायला तारेची चक्री, भिंतीला दिवे, हत्यारांचं कपाट, जास्तीच्या टायरांची मांडणी. सरलाताई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "मर्विन, नाकापेक्षा मोती जड करू नकोस हां!"

"मोती जड असू दे, सरलाबाय. कुठे टोचायचा ते मला ठाऊक आहे," मर्विन हसून म्हणाला.

खरंच ठाऊक होतं. त्याने कपाट आणि टायर पुढच्या अंगाला बसवले. मग माझ्या तळाच्या पत्र्यावर लाल रंगाची एक आडवी रेघ मारली आणि रेवाला सांगितलं, "गाडीची पुढची चाकं या रेघेवर. मागे ठेवायची नाहीत. वजन पुढे असलं की ट्रेलर गुमान मागून येतो. मागे गेलं की शेपूट हलवायला लागतो. मग तो तुझं ऐकत नाही."

"रेघेवर. कळलं, अंकल," रेवा म्हणाली.

दिनानाथ तेव्हा बाहेर चहा सांगायला गेले होते. मित्रांनो, एका चहापायी केवढं झालं बघा.

मला वाडीत आणलं. जीपला जोडलं तशी माझ्या वजनाने जीपची मागची बाजू खाली बसली. बसायचीच ती, थोडी बसायलाच हवी. पण ते पाहून दिनानाथांचा चेहरा उतरला. लहानपणी ते वडिलांच्या बैलगाडीवर बसून वसईच्या बाजारात केळी घेऊन जायचे. गाडी पुढे जड झाली की जू बैलाच्या मानेवर दाबतं. त्यांच्या चांद्या बैलाचा खांदा तसाच एकदा सुजला, फुटला, आणि तो बैल पुढे गाडीला लागलाच नाही. तेव्हापासून दिनानाथांच्या घरची रीत ठरली: माल भरताना थोडा मागे भरायचा, मुक्या जनावराच्या मानेवर ओझं ठेवायचं नाही. बैलाच्या चालीला ते खपून जातं. महामार्गावर नाही खपत.

पुढच्या शर्यतीला निघण्याच्या आदल्या दिवशी रेवा ऑफिसात होती आणि मर्विन लग्नाला गोव्याला गेला होता. दिनानाथ पाना घेऊन माझ्यात शिरले. "मान दबतेय बिचाऱ्या जीपची," असं पुटपुटत त्यांनी कपाट सोडवलं आणि मागे नेऊन बसवलं. मग टायरांची मांडणी मागे नेली. अहो, नका, नका! मी आतून किंचाळत होतो. पण ट्रेलर किंचाळणार कशाने? वारा आला तेव्हा मी दाराच्या बिजागरीने जमेल तेवढं करकरलो.

"अरे, हे कुरकुरतंय," दिनानाथ म्हणाले, आणि प्रेमाने बिजागरीत तेल सोडलं. माझा तेवढाही आवाज बंद झाला.

मग त्यांनी बाजारातून आणलेली हिरवी रबरी मॅट अंथरली. लेकीचे बूट घसरू नयेत म्हणून. लाल रेघ त्यांना शेडमधलं मापाचं निशाण वाटली, ती मॅटखाली गेली. शेजाऱ्याच्या मदतीने त्यांनी गाडी चढवली आणि पुढे ओढायची ती मागेच थांबवून पट्ट्यांनी बांधली. वर सोनचाफ्याची माळ घातली. जीपला जोडायची माझी दांडी आता इतकी हलकी झाली होती की ती जीपचा हूकच वर उचलू बघत होती. जीप मात्र ताठ उभी राहिली.

सकाळी रेवाने दार उघडलं आणि बघतच राहिली.

"बाबा! सगळं तुम्हीच केलंत?"

"कपाट मागे घेतलं. दार उघडलं की हात पोचतो की नाही? आणि जीपला बघ कसं मोकळं वाटतंय."

रेवाने मॅटकडे पाहिलं. तिला रेघ आठवली. मला कळलं ते, कारण ती एक पाऊल आत आली आणि वाकलीसुद्धा. उचल, पोरी, ती मॅट उचल! पण बाप मागे उभा होता, पहिल्यांदाच तिच्या शर्यतीला स्वतःहून निघालेला, नवा शर्ट घातलेला, कौतुकाच्या एका शब्दासाठी लहान मुलासारखा थांबलेला. ती सरळ झाली. "मस्त झालंय, बाबा," ती म्हणाली. "फक्त हळू चालवू या."

गुजरातेतल्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. वसई फाट्यावरून आम्ही महामार्गाला लागलो. वैतरणेच्या पुलापर्यंत दिनानाथ खरंच हळू होते. मनोर गेलं. मग मेंढवणच्या खिंडीतला उतार आला, मागून मोठा ट्रक भोंगा वाजवत जवळून पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याचा धक्का मला बसला.

माझी शेपूट हलली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मी स्वतःला आवरू बघत होतो, पण मागचं ओझं मला ओढून नेत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मार मी खात होतो आणि मारणाराही मीच होतो. "ब्रेक नका मारू, बाबा!" रेवा ओरडली. घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेकवरच जातो. मी आडवा आलो, जीपला फिरवलं आणि तिची डावी बाजू कठड्यावर नेऊन आदळली. डाव्या बाजूला रेवा बसली होती.

जीव वाचले. दिनानाथांना खरचटलं. रेवाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत मोडला. गिअरचा हात. आत धातूच्या पट्ट्या लावल्या आहेत, जखम भरली आहे, पण मूठ पूर्ण मिटत नाही. कधी मिटेल ते डॉक्टर सांगत नाहीत. गाडीचा पिंजरा माझ्या पोटातच वाकला. आम्हा दोघांना क्रेनने उचलून वाडीत आणलं, आणि ती गाडी कापून काढून नेली. मॅट तेवढी जागच्या जागी राहिली.

रेवाने सगळ्यांना एकच सांगितलं: "टायर फुटला." पोलिसांना, पाहुण्यांना, आईला. बापाला तर दोनदा सांगितलं.

मर्विन गोव्याहून आला तो थेट माझ्याकडे. आत शिरला, मागे बसवलेलं कपाट पाहिलं आणि टोपी काढून उभा राहिला. दिनानाथ मागोमाग आले.

"मर्विन, एक विचारतो. खरं सांग. ती लाल रेघ कशाची होती रे?"

मर्विनने टोपीने मागचं कपाट दाखवलं. "वजन पुढे राहावं म्हणून होती, भाऊ."

दिनानाथ माझ्या उंबऱ्यावर मटकन बसले. "मी मानेवरचं ओझं काढायला गेलो," ते म्हणाले. मग मर्विनचा हात धरून म्हणाले, "रेवाला यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतंय टायर फुटला. वाटू दे. बापानेच हात मोडला हे तिला कळायला नको."

पुढच्या आठवड्यात दुपारी रेवा एकटी आली. उजव्या हाताने तिने मॅटचा कोपरा उचलला. रेघेकडे पाहत ती गुडघ्यावर बसली आणि रडली. आवाज न करता, लपाछपीत जे तिला कधी जमलं नाही तसं. "मला माहीत होतं," ती मला म्हणाली. हो, मलाच, दुसरं होतं कोण तिथे? "मी वाकले होते. बाबांना वाईट वाटेल म्हणून उचलली नाही. आता रेघेचं त्यांना कळता कामा नये." मग तिने मॅट पूर्ववत घातली आणि कोपरे पायाने नीट दाबले.

आता घरात काय चाललंय ते अंगणातून मला ऐकू येतं. म्हणजे काहीच ऐकू येत नाही. दिनानाथ लेकीच्या हाताकडे बघत नाहीत. ती समजते, गाडी गेली म्हणून बाबा आपल्यावर नाराज आहेत. ती शर्यतीचं नाव काढत नाही. ते समजतात, आपल्यामुळे पोरीचं मन मेलं. सरलाताई परवा ताट आपटून म्हणाल्या, "सुतक लागलंय का या घराला? बोला की कुणीतरी!"

आणि मला सगळं ठाऊक आहे. बापाचंही, लेकीचंही. माझ्याएवढा लाचार साक्षीदार कुणी पाहिला नसेल.

रविवारी भंगारवाला येईल. दिनानाथांनीच बोलावलंय त्याला. मला कापतील याचं दुःख नाही, मित्रांनो. लोखंड आहे मी, पुन्हा काहीतरी होईन, कुणाच्या दाराची कडी होईन. पण तो आधी मॅट गुंडाळेल आणि बाजूला टाकेल, मग रेघेचा पत्रा कापून नेईल, आणि हे दोघं एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट जन्मभर लपवत बसतील.

म्हणून हात जोडून विनवतो. हात नाहीत, तरी विनवतो. ज्याच्यावर जिवापाड माया कराल त्याला आधी विचारत जा, आणि चुकताना दिसला तर त्याचा चेहरा बघून गप्प बसू नका. आणि तुमच्यापैकी कुणी होळी गावाकडे आलं, चाफ्याच्या वाडीत आंब्याखाली मोडका ट्रेलर दिसला, तर रविवारच्या आत या. दिनानाथांना हाक मारा, रेवाला हाक मारा. दोघांना माझ्यासमोर उभं करा आणि ती मॅट उचला.

दार ओढा, उघडेल. आवाज करणार नाही. बिजागरीत अजून तेल आहे.