जपून ठेवलेला जोड

"ताई, तोच बूट आहे हो. फक्त सुधारलाय," दुकानदार म्हणाला.

"तो बिघडला कधी होता, सुधारायला?" आमच्या हिने विचारलं.

मी शेजारच्या बाकावर बसून छताकडे बघत होतो. अशा वेळी मध्ये तोंड घालायचं नसतं, एवढं संसाराने मला शिकवलंय. समोर चढाईच्या बुटांचा नवा जोड होता, पोपटी रंगाचा, टाचेला नारिंगी पट्टी. हिने डावा पाय त्यात कसाबसा कोंबला, उभी राहिली आणि लगेच खाली बसली.

"चावतोय."

"चढाईचा बूट थोडा चावणारच की. हे मी तुम्हाला सांगायला हवं का, ताई?"

"चावणं वेगळं आणि लचका तोडणं वेगळं. जुना नाहीच का कुठे? मागे गोदामात बिदामात?"

"कंपनीनेच बंद केला. कितीजण विचारून गेले. एक तर अगदी रडायच्या बेतात होता."

"मग रडला का नाही?" ही म्हणाली आणि चप्पल घालून तरातरा बाहेर पडली. दुकानदाराची समजूत घालायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

आमची ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते. आठवडाभर लोकांना 'श्वास घ्या, धरा, सोडा' सांगते आणि रविवारी शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीत जाऊन कड्यावर चढते. मी विमा कचेरीतला माणूस. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी मला गरगरतं. पण लग्न झाल्यापासून, माथ्यावरच्या कडीतून ओवलेल्या तिच्या दोराचं दुसरं टोक माझ्याच कमरेला असतं. ती घसरली की खालून दोर आवळून मी तिला धरायचं. लोक विचारतात, भीती नाही वाटत? वाटते की. म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या हातात दोर देत नाही.

हिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलंय. जुन्या बुटाचं चामडं नेमकं तिथे मऊ होतं. तो एक नंबर लहान घ्यायचा, घरात घालून हिंडायचं, कण्हत कण्हत भाजी चिरायची. एकदा का तो पायाला बसला, की मग दुसऱ्या बुटाचं नाव काढायला नको. पायातला जोड आता पार भोकं पडेपर्यंत झिजला होता.

आणि यंदा हिला घाई होती. खाणीच्या कड्यावर एक वाट आहे, तिला सगळे सासूबाई म्हणतात, कारण कितीही करा, ती कुणावर खूश होत नाही. मध्यावर डाव्या पायासाठी बोटभर कंगोरा आहे. सगळं वजन त्याच्यावर टाकून उठायचं. आमची ही वर्षानुवर्षं तिथूनच परत यायची. मध्यंतरी तिची बोटं दुखायला लागली, तेव्हा हॉस्पिटलात सोबत काम करणाऱ्या बाईंनी तिच्या हाताचा एक्स-रे काढला आणि हिने तो स्वतःच उजेडापुढे धरून वाचला. सांधे झिजत चालले होते.

"एखाद-दुसरं वर्ष," घरी आल्यावर ती मला म्हणाली, परक्या कुणाचं सांगावं तशी. "तेवढ्यात सासूबाईंना एकदा भेटून येते. मग बसते घरी."

मी बरं म्हटलं. मला फार वाईट वाटलं होतं, पण तिच्यासमोर दाखवलं नाही.

त्यानंतर घरात बुटांशिवाय विषय नाही. हिने कंपनीला मेल केला. उत्तर आलं, 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, नवा बूट आपल्याला अधिकच आवडेल.' "यांना परस्पर कुणी सांगितलं?" म्हणून ही दोन दिवस फणफणत होती. खाणीवरच्या इतरांचंही तेच. आमचा दोस्त दातांचा डॉक्टर आहे. त्याला कुठूनसा जुन्यातला जोड मिळाला, पण नंबर फारच लहान. तो डोळ्यांत पाणी आणून चढायचा आणि खाली उतरला की म्हणायचा, "बूट झकास आहे."

"पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' सांगतोस, तो हाच आवाज का रे?" ही विचारायची.

खरं म्हणजे हिच्या कपाटात जुन्या बुटांचा एक कोरा जोड होता. तो बूट दुकानात मिळत होता तेव्हाच घेऊन ठेवलेला, मलमलीत गुंडाळलेला, खास सासूबाईंसाठी. "अगं, घालून तरी बघ," मी कितीदा म्हटलं. "घातला की झिजतो," हे तिचं ठरलेलं उत्तर. वेडेपणा एकटीचा नव्हता. खाणीवरच्या बहुतेकांच्या कपाटात असा एकेक जोड दडवलेला होता. लोक पोरींचे दागिने जपत नसतील इतकं ते बूट जपत होते.

त्या दिवशी दुकानातून चिडून आल्यावर हिने एकदाचं कपाट उघडलं. पुढच्या रविवारी तो जोड पायांत चढवून ती सासूबाईंकडे निघाली. सुरेख चढत होती. कंगोऱ्यापाशी पोचली, डावा पाय त्यावर ठेवला, वजन टाकलं आणि फाटल्यासारखा आवाज आला. मी दोर आवळला. ही अधांतरी लोंबकळत होती आणि डाव्या बुटाचा तळ पायाखाली जिभेसारखा लटकत होता.

खाली आल्यावर डॉक्टरने बूट हातात घेऊन दाबून बघितला. "गोंद वाळलाय, ताई. रबरही कडक झालंय. नुसता ठेवून ठेवून गेला."

"एकदा तरी घालायला हवा होता हो," ही मला म्हणाली. "झिजून गेला असता तरी चाललं असतं." आणि रडायला लागली. मनगट मोडलं होतं तेव्हा रडली नव्हती. मी तिच्या शेजारी दगडावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ती एकटीच दुकानात गेली आणि ते पोपटी बूट घेऊन आली. पुन्हा घरात कण्हत भाजी चिरणं सुरू झालं. झोपताना मी डाव्या बुटात, त्या हाडाच्या जागी, कपाटाची जुनी लाकडी मूठ कोंबून ठेवायचो. "कंपनीला जमलं नाही ते तुम्ही करा," ही म्हणायची. पण सकाळी उठल्यावर आधी तोच बूट घालून बघायची.

मधल्या काळात खाणीवर मजा झाली. हिचं झालेलं बघून एकेकाने आपापली कपाटं उघडली. जो तो जपून ठेवलेले कोरे बूट घालून हजर. दर रविवारी कुणाचा ना कुणाचा तळ सुटायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे. ज्यांचे टिकले ते मात्र असे चढत होते की बघत राहावं. डॉक्टरने आपले चिमुकले बूट भाच्याला देऊन टाकले आणि तोही निमूट पोपटी झाला.

मग एका सकाळी हिने दोर बांधला. सासूबाईंच्या कंगोऱ्यापर्यंत ती कंपनीला शिव्या घालतच चढली. तिथे गप्प झाली. पोपटी पाय कंगोऱ्यावर टेकला, थरथरला, थांबला. मी दोर घट्ट धरला. ती उठली. वरची पकड हाताला लागली, मग त्याच्या वरची, आणि थोड्या वेळाने ती कड्याच्या माथ्यावर होती.

डॉक्टरने खालून हाक मारून विचारलं, "ताई, कसं वाटतंय?"

"डावा चावतोय," वरून उत्तर आलं.

सगळे पोट धरून हसले. ही माथ्यावर काठाशी बसली. दोन्ही बूट काढून तिने शेजारी ठेवले आणि अनवाणी पाय कड्यावरून खाली सोडले.

"उतरायला सांगू का?" डॉक्टर मला म्हणाला. "ऊन चढतंय."

"बसू दे," मी म्हटलं.

वर बघून बघून मान भरून आली होती. दोर तसाच धरून मी तिच्या पायांकडे बघत उभा राहिलो.