लादी वाळेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी पायपुसणी आहे. माझ्यासारख्या कितीतरी जणींवर तुम्ही रोज पाय घासता आणि पुढे जाता, म्हणून मला ओळखत नसलात तरी मी रागावणार नाही. मी मात्र माणसाला तळव्यावरून ओळखते. कोण घाईत आहे, कोण रुसून आलंय, कुणाच्या जिवावर आलंय घरात शिरायचं, हे मला तोंड न बघताच कळतं. माझं बोलणं जरा खरखरीत वाटेल. काथ्याची जात आहे, त्याला इलाज नाही.

नारळाची सोडणं पाण्यात कुजत घातली, बडवली, त्यांचे धागे पिंजून सुंभ वळला आणि मग एका विणकराने मागावर मला विणलं. शेवटी कात्रीने माझी कड सारखी करून त्याने माझ्यावर एक थाप मारली आणि म्हणाला, "दणकट झालीय." ते माझं पहिलं कौतुक. माझ्या अंगावर लाल रंगात ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ते वर्षभरात घासून पुसून टाकलं. स्वागताचं असंच असतं म्हणा.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट जिना, तोही चांगलाच उभा. घड्याळजींची बायको टायपिंग शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, घड्याळजीसुद्धा. पुढच्या खोलीत टाइपरायटरांची रांग होती आणि दिवसभर खडखडाट चालायचा. बाई मुलांच्या हातांवर रुमाल टाकायच्या. "बघायचं नाही," असं त्या दरडावायच्या. "बोटांना आपली जागा माहीत पाहिजे." मुलं माझ्यावर पाय घासायची ती बाईंना घाबरून. एकाचीही पाय न पुसता आत जायची टाप नव्हती.

पुढे टाइपरायटर गेले, शिकवणी बंद झाली आणि बाईंची नजरही हळूहळू गेली. डॉक्टरांनी हात टेकले. मग घड्याळजींनी घरच घड्याळासारखं करून टाकलं. प्रत्येक वस्तूला एक जागा, आणि ती सूतभरही हलायची नाही. मला त्यांनी दाराबाहेरून उचललं आणि आत, झिजून लादीशी एकसपाट झालेल्या उंबऱ्याला लागून टाकलं. बढतीच म्हणायची. ते बाईंना म्हणाले, "पायाला हे खरखरीत लागलं की थांबायचं. पुढे दार, आणि दारापुढे जिना." तेव्हापासून बाई भिंतीवरून हात फिरवत यायच्या, कपाटाची कड लागली की हात सोडायच्या आणि माझ्यावर येऊन थांबायच्या. त्या घरात चपला घालत नसत. त्यांच्या उघड्या तळव्याची ऊब मला पाठ झाली होती. माझ्यावर उभ्या राहून त्या कडी काढायच्या, आणि मला माझ्या खरखरीतपणाचा अभिमान वाटायचा.

झाडणं, पुसणं सगळं घड्याळजी स्वतः करायचे. एके दिवशी दुकानात बसल्या बसल्या ते गेले. घर पोरकं झालं, आणि थोड्याच दिवसांत ते दिसायलाही लागलं. कोपऱ्यात जाळी लोंबायला लागली, ओट्यावर मुंग्यांची रांग लागली. त्यांचा मुलगा परगावाहून आला तेव्हा त्याचे मोजे लादीला चिकटले.

"आई, एक तर माझ्याकडे राहायला चल," तो म्हणाला, "नाही तर सफाईला चांगली खात्रीची माणसं लाव. असं तुला इथे सोडून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"माणसं लाव," बाई म्हणाल्या. "पण हे घर सोडायला लावू नकोस रे. इथे मी माझ्या पायांनी चालते. दुसरीकडे कुणाला तरी मला हाताला धरून न्यावं लागेल."

"बरं."

"आणि मला दिसत नाही हे त्या लोकांना सांगायचं नाही. एकटी आंधळी बाई राहते म्हणून गावभर दवंडी पिटायची आहे का?"

मुलाला पटलं नाही, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे.

मग निवड सुरू झाली. पहिला आला तो एक ठेकेदार. चिखलाच्या बुटांनी मला ओलांडून थेट आत गेला आणि स्वच्छतेवर भाषण द्यायला लागला. मुलाने त्याला पाण्याचा पेला न देताच वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी आल्या. पाय नीट पुसले, पण प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. घरात कोण कोण असतं? कुणाला दम्याचा त्रास? कुणी आजारी? चालताना कुणाला धरावं लागतं का? बाईंचा चेहरा कठोर होत गेला. त्या दोघी जिना उतरल्या नाहीत तोच बाई म्हणाल्या, "भारी चोंबड्या आहेत. नकोत मला."

तिसरी होती एक कंपनी. तिच्याबद्दल मुलाने चार घरी चौकशी केली होती. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. माणसं तीच ती येतात, वेळेवर येतात, गळ्यात ओळखपत्र असतं, काही फुटलं तर भरून देतात. त्यांनी एकही नको तो प्रश्न विचारला नाही. बाईंनी एवढंच बजावलं, "जिथली वस्तू तिथेच परत ठेवायची." ते हो म्हणाले आणि मुलाच्या जिवात जीव आला. मित्रांनो, मी त्या कंपनीला नावं ठेवणार नाही. ती खरोखरच भरवशाची होती.

कंपनीकडून दोघं यायची. एक ताडमाड उंच माणूस, आणि एक चाळिशीची बाई, जी काम करताना सारखी गुणगुणायची. तिला मी मनात गुणगुणी म्हणायचे. दोघं यायच्या आधी बाई खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसायच्या. मधून मधून पान उलटायच्या. मधेच म्हणायच्या, "कपाटावर धूळ राहिलीय बरं का." धूळ असायचीच, कपाटावर ती कधी नसते? गुणगुणी म्हणायची, "बाईंची नजर मोठी करडी हं!" आणि ती दोघं गेली की बाई एकट्याच पोट धरून हसायच्या. घड्याळजी गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच ऐकलं. घर पुन्हा लखलखायला लागलं. उचललेला तांब्यासुद्धा होता तिथेच परत जायचा. बाई घरभर पूर्वीसारख्या फिरायला लागल्या.

त्या दिवशी गुणगुणीची नजर माझ्यावर पडली. "अगं बाई, हिला कधी कुणी धुतलीच नाही वाटतं," असं म्हणत तिने मला उचललं. गॅलरीत नेऊन कठड्यावर आपटलं तेव्हा माझ्यातून कुठल्या कुठल्या वर्षांची माती निघाली. मग तिने साबणाच्या पाण्याने मला ब्रशने घासलं, स्वच्छ पाणी ओतलं आणि उन्हात कठड्यावर टाकलं. वाळली की ठेवते जागेवर, असं ती उंच माणसाला म्हणाली. इतक्या वर्षांत मला कुणी असं न्हाऊमाखू घातलं नव्हतं. ऊन अंगात मुरत होतं. मी सुखावले होते, मित्रांनो, खरंच सुखावले होते.

उंच माणसाने लादी पुसली आणि वारा लागून ती लवकर वाळावी म्हणून पुढचं दार सताड उघडून ठेवलं. "बाई, लादी वाळेपर्यंत उठू नका हं," एवढं सांगून दोघं न्हाणीघर घासायला गेली. तिथे नळ मोठ्याने सुरू होता. बाई वर्तमानपत्राआडून "बरं" म्हणाल्या.

तेवढ्यात खालून अंडीवाल्याने रोजच्यासारखी हाक मारली, "बाई, अंडी!"

बाई उठल्या. वाडगा त्यांच्या हाताशीच असायचा. ओल्या लादीवर जपून पावलं टाकत, भिंतीवरून हात फिरवत त्या निघाल्या. मी गॅलरीतून खिडकीच्या गजांमधून बघत होते. कपाटाची कड लागली. त्यांनी हात सोडला. एक पाऊल टाकलं आणि तळवा लादीवरून सरकवला. मग आणखी एक. त्यांचा पाय मला शोधत होता. मी लागले नाही म्हणून त्यांना वाटलं, दार अजून लांब आहे. मी सगळ्या धाग्यांनिशी ताणले गेले. पण मित्रांनो, पायपुसणीला हाक मारता येत नाही. बाईंनी पुढचं पाऊल टाकलं, त्याच्या पुढचंही टाकलं. वाडगा आधी वाजला. मग जे ऐकू आलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

बाई वाचल्या. खुबा मोडला. इस्पितळातून मुलगा त्यांना परस्पर आपल्या गावी घेऊन गेला, आणि यावेळी बाईंना नाही म्हणता आलं नाही.

काही महिन्यांनी मुलगा घर रिकामं करायला आला. गुणगुणी आपणहून आली होती. तिला बघताच तो कडाडला, "तुमच्या भरवशावर आईला ठेवलं होतं मी!"

ती म्हणाली, "दादा, बाईंना दिसत नाही हे तुम्ही मला एका शब्दाने तरी सांगायचं होतंत. मी दार उघडं ठेवू दिलं असतं का? हिला जागेवरून हलवली असती का?" ती तिथेच लादीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

बाईंनाही आणलं होतं. दोघा माणसांनी खुर्चीसकट त्यांना जिन्याने वर आणलं. घराचा एकदा निरोप घ्यायचा म्हणून त्यांनी हट्ट धरला होता. गुणगुणी रडतेय हे ऐकून त्यांनी हाताने तिला जवळ बोलावलं. "तुझं काही चुकलं नाही गं," त्या म्हणाल्या. "पेपर मीच वाचत बसले होते ना."

गुणगुणीने मला आणून त्यांच्या पायाखाली ठेवलं. त्यांनी तळवा इकडून तिकडे फिरवला. तळवा गार पडला होता आणि पूर्वीसारखा दाबून टेकत नव्हता. "छान धुतलीस," असं म्हणाल्या आणि मग त्यांचा हुंदका फुटला. घड्याळजी गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना ऐकलं नव्हतं.

आता घर रिकामं आहे. नवे भाडेकरू येईपर्यंत गुणगुणी अधूनमधून येऊन केर काढते, आणि मला उंबऱ्याशी बरोब्बर माझ्या जागी ठेवते. मागच्या खेपेला मुलगा किल्ली द्यायला आला होता. तिने बाईंची चौकशी केली. तो म्हणाला, "आई तिकडे खुर्चीतून उठतच नाही. पुढे काय आहे ते कळत नाही म्हणते."

मित्रांनो, घर साफ करायला माणसं निवडाल तेव्हा त्यांची ओळखपत्रं जरूर बघा, चार घरी चौकशीही करा. पण आपल्या घरात कोण राहतं आणि ते कसं चालतं, हेही त्यांना सांगा. लाजू नका. आणि कुणी आपणहून तसं विचारलं, तर त्याला चोंबडा म्हणून घालवून देऊ नका.

बाईंच्या नव्या घरातही दाराशी कुणीतरी असेलच. माझ्यासारखी काथ्याची, नाही तर एखादी मऊ, रंगीत. तिला धुवायचं असेल तर खुशाल धुवा. फक्त उचलण्याआधी बाईंना सांगा.