बाबांच्या वेळेला आलेला माणूस

यादीत सतराव्या ओळीवर बाबांचं नाव दिसलं आणि ती मास्कच्या आत हसली. साडेअकराची वेळ, दुसरा डोस. एरवी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लसीकरण केंद्रावर नोंदणीला बसायची. आज इथली मुलगी आजारी पडली म्हणून सकाळी सातला फोन आला आणि तिला या शाळेच्या हॉलमध्ये पाठवलं. घाईघाईत बाबांना सांगायचं राहून गेलं. आता ते समोर येऊन बसतील, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल, असं तिला वाटलं.

ही वेळ मिळवायला तिनं जिवाचं रान केलं होतं. रोज दुपारी चारला संगणकावर वेळा खुल्या व्हायच्या आणि चार वाजून दोन मिनिटांनी संपलेल्या असायच्या. स्वतः केंद्रावर काम करूनही तिनं कुणाकडे शब्द टाकला नव्हता. बाबांनीच बजावलं होतं, "माझ्यासाठी कुणाचा नंबर मागे ढकलायचा नाही." बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. चौतीस वर्षं त्यांच्या नजरेतून एक काना सुटला नव्हता. अशा माणसाशी वाद कोण घालणार? अकरा दिवस हाती काही न लागता गेल्यावर बाराव्या दिवशी वेळ मिळाली, तेव्हा ती भर केंद्रात ओरडली होती.

पहिल्या डोसला बाबा एकटेच गेले. "घेतली," म्हणाले. दंड ठणकत असेल म्हणून तिनं गरम पाण्याची पिशवी दिली, तीही त्यांनी मुकाट्यानं अर्धा तास लावून ठेवली. दोन आठवडे गेल्यावर तिनं घरात मास्क घालणं सोडलं. वर्षभर ती कामावरून आली की स्वयंपाकघरात वेगळी जेवायची. आता ती बाबांच्या शेजारी बसून जेवू लागली होती.

"पुढचे," तिनं हाक दिली.

समोरच्या खुर्चीत एक बारीक अंगाचा, वाकलेला माणूस बसला. डोळ्यांवर चष्मा, अर्धा चेहरा मास्कमध्ये. त्यानं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

ओळखपत्र बाबांचं होतं.

तिला वाटलं, बाबांचं कार्ड कुठेतरी पडलं असेल आणि हा भला माणूस ते द्यायला आलाय. पण हातांनी सवयीनं काम चालू ठेवलं.

"जन्मतारीख?"

त्यानं बाबांची जन्मतारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष, न अडखळता, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तशी.

"पत्ता?"

त्यानं तिच्या घराचा पत्ता सांगितला. तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

कीबोर्डवरचे तिचे हात थांबले. मागे रांगेत कुणीतरी खोकलं, शेजारच्या टेबलावर कुणीतरी पेन मागितलं. सगळं लांबून ऐकू आल्यासारखं.

"हे कार्ड तुमचं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "हे माझ्या वडिलांचं आहे."

तो माणूस दचकला. त्यानं तिच्या कपाळाकडे, भुवयांकडे निरखून पाहिलं. मग त्याचे खांदे पडले.

"तू धाकटी ना?" तो पुटपुटला. "छापखान्यात यायचीस. माझ्या स्टुलावर बसायचीस."

आता तिनं ओळखलं. हा जुळारी. छपाईसाठी शिशाचे अक्षरखिळे जुळवणारा, बाबांच्या शेजारच्या टेबलावरचा. छापखाना बंद पडल्यापासून, म्हणजे वीस-बावीस वर्षांत तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

"बाबा कुठायत?"

त्याची नजर दाराकडे गेली.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला टेबल सांभाळायला सांगून ती धावत बाहेर आली. रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर बाबा बसले होते. मांडीवर पाण्याची बाटली. तिला पाहिल्यावर ते उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले.

"तू इथे कशी?"

"मी इथे कशी? बाबा, आत तुमच्या नावावर भलताच माणूस बसलाय!"

"भलता नाही," बाबा म्हणाले. "हळू बोल."

"पहिली कुणी घेतली?"

बाबा मांडीवरची बाटली सरळ करू लागले.

"बाबा, पहिली कुणी घेतली?"

"त्यानंच." बाबांनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "त्याच्या खोलीला आग लागली तेव्हा कागद गेले सगळे. कार्ड नाही म्हणून नोंदणी होत नाही. नवीन कार्ड काढायचं तर ऑफिस वर्षभर बंद. आणि तो काम काय करतो माहितेय? हॉस्पिटलात लाद्या पुसतो. साथीच्या रुग्णांच्या वॉर्डात. कंत्राटदाराच्या वहीत नाव नाही, म्हणून तिथल्या यादीतही नाही. मी काय, घरात बसून पेपर वाचतो. मला कसली घाई?"

"आणि ती पिशवी? दंडाला धरून बसला होतात ती?"

"तू एवढ्या मायेनं दिलीस. नको कसं म्हणू?"

एरवी तिला हसू आलं असतं. पण तेवढ्यात दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. दिवसाला दोनशे माणसं तिच्या टेबलापुढे बसायची. तिथून ती घरी जायची, मास्क काढून बाबांच्या शेजारी बसायची, त्यांच्या ताटातली चटणी घ्यायची. त्यांना लस मिळालीय म्हणून. दोन आठवडे, रोज.

"मला काही झालं असतं ना, तर तुमच्यापर्यंत मीच आणलं असतं," ती म्हणाली. "मीच. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. माझ्या हातून काय घडलं असतं, याचा विचार केलात?"

बाबांचा चेहरा उतरला. हा विचार त्यांच्या मनात खरोखरच आला नव्हता, हे तिला स्पष्ट दिसलं.

"नाही केला," ते म्हणाले. "हे माझ्याकडून राहिलं."

ती आत गेली आणि थेट केंद्राच्या डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. लपवणं सोपं होतं. एक बटण दाबलं असतं, तर काम झालं असतं. पण मग नोंदीप्रमाणे बाबांचे दोन्ही डोस पूर्ण होणार आणि बाबा कायमचे कोरे राहणार. तिनं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या वडिलांनी? प्रूफं तपासणारे म्हणजे तेच ना, गेल्या महिन्यात आमच्या दारातल्या सूचनाफलकावरचं शुद्धलेखन दुरुस्त करून गेलेले?"

"तेच असणार."

"आणि ते गृहस्थ खरंच त्या वॉर्डात काम करतात?"

"हो," दारातून जुळारी म्हणाला. तो केव्हा मागे येऊन उभा राहिला, कळलंच नव्हतं. "बाई, मला नका टोचू. त्यांचं त्यांना द्या. मी जातो."

"बसा तिथे," बाई जवळजवळ ओरडल्या. "पहिला तुमच्या अंगात गेलाय, तर दुसराही तुम्हालाच जाणार. शरीराला कार्ड कळत नाही. खरं नाव सांगा."

त्यांनी कागदावर हातानं अर्ज लिहिला: या माणसाला दोन डोस दिले, कागदपत्रं नाहीत, जबाबदारी माझी. खाली सही केली. साक्षीदार म्हणून तिनं सही केली. बाबांची नोंद रद्द करण्याचा दुसरा अर्ज वरच्या ऑफिसला गेला.

आठवड्यानं उत्तर आलं. बाबांनी ओळखपत्राचा गैरवापर केला म्हणून त्यांच्यावर तक्रार का नोंदवू नये, असं विचारलं होतं. ते पत्र तिनं बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. "तिसऱ्या ओळीत वेलांटी चुकलीय," म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. डॉक्टरीणबाई तीन वेळा ऑफिसात जाऊन भांडल्या. तक्रार झाली नाही. तिला मात्र संगणकावरून उठवून फाटकावर रांग सांभाळायला उभं केलं. ती पुन्हा स्वयंपाकघरात वेगळी जेवू लागली. बाबा बाहेरच्या खोलीतून मोठ्यानं बोलायचे. ती कधी उत्तर द्यायची, कधी नाही.

नोंद रद्द व्हायला चोवीस दिवस लागले. त्यानंतर पाचव्या दिवशी, चार वाजून एका मिनिटानं, वेळ मिळाली. बसनं दोन तासांवरच्या गावात, सकाळी नऊची.

या वेळी तिनं रजा काढली. नर्सनं सांगितलं, "नातेवाइकांनी बाहेर थांबा."

"नाही थांबणार," ती म्हणाली.

नर्सनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी हात जोडले. "राहू द्या तिला. तिचा माझ्यावर भरवसा नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही."

बाबांच्या सदऱ्याची बाही तिनंच वर केली. सुई आत गेली, बाहेर आली. बाबांनी डोळे मिटले होते. तिनं पापणीसुद्धा लवू दिली नाही.