शिडावरचा हात

चंदर माझा नवरा. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव तोंडावर आणत नाहीत, पण नाव घेतल्याशिवाय हे सांगता यायचं नाही. लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटली नाही, मग मीच कशाला लाजू.

साल त्रेसष्ट. शिमग्याच्या आधी आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात एक अमेरिकन येऊन राहिला. वॉल्टर त्याचं नाव. उंच, उन्हाने लाल झालेला, गळ्यात चावी दिली की चालणारा कॅमेरा. सिनेमावाला म्हटल्यावर बाप्ये एस.टी.च्या थांब्यावर नजर ठेवून बसले, आज ना उद्या हिरॉईन उतरेल म्हणून. हिरॉईन काही उतरली नाही. हा आपला सुकत घातलेल्या बोंबलांच्या सावल्या काढी, नाहीतर सुई घेऊन स्वतःच्याच रिळावर ओरखडे मारत बसे. मी विचारलं, "तुझ्या सिनेमात गोष्ट काय?" तर मोडक्या हिंदीत म्हणतो, "कहानी नहीं, नलूबाई. सिर्फ आँख."

त्याच्या न्यूयॉर्कात म्हणे असले सिनेमे काढणारे पुष्कळ. तळघरात खुर्च्या मांडून वीसेक माणसांना दाखवतात, आणि कधी कधी पोलीस येऊन रीळच उचलून नेतात. मी म्हटलं, गोष्ट नसलेला सिनेमा दाखवलास तर आमचे पोलीससुद्धा नेतील. तो पोट धरून हसला. माणूस वाईट नव्हता. आजही, इतका राग असताना, मी हेच म्हणेन.

होळीच्या आदल्या संध्याकाळी चंदरने माणसाएवढी मुशी मासळी धरून आणली होती. वॉल्टर म्हणाला, तोड, मी सिनेमा काढतो. चंदर उघड्या अंगाने उभा राहिला, मी दोन्ही हातांनी मुशीची शेपटी दाबून धरली, आणि वॉल्टर वाळूत पालथा पडला. कोयता वर जाई, खाली येई. काम झाल्यावर त्याने काळ्या पिशवीत हात घालून रीळ उलटं गुंडाळलं आणि परत कॅमेऱ्यात बसवलं. मला वाटलं, रीळ महाग, बिचारा एकावरच दोनदा भागवतो. पाटी पुसून पुन्हा लिहावं तसं काहीतरी असेल. दया येऊन मी त्याला रात्री एक भाकरी जास्त वाढली.

आमची होळी रात्री पेटते आणि उजाडल्यावर पडते. पोफळीचा उंच खांब मधोमध उभा असतो. तो बुडाशी जळून कलला की जमिनीला टेकायच्या आत त्याच्यावर कोयत्याचा वार घालायचा. ज्याचा वार बसतो त्याची होडी वर्षभर भरून येते म्हणतात. म्हणून बाप्ये कोयते घेऊन रिंगण धरतात. सगळे प्यालेले, गुलालाने माखलेले. त्या वेळी रिंगणात बाईने पाऊल टाकायचं नाही. आम्ही लांबून बघतो.

वॉल्टर रिंगणाच्या कडेला कॅमेरा लावून उभा होता. खांब पडला. धूर, आरडाओरडा, वीस-पंचवीस कोयते हवेत. धूर विरला तेव्हा अंबाजी राखेत पडला होता. मानेपासून छातीपर्यंत उघडा. तो उठायला बघत होता आणि उठायला लागणारं सगळं त्याच्या हाताच्या ओंजळीत येत होतं. थोड्या वेळाने त्याने बघायचं सोडलं.

अंबाजी आमच्या वाड्यातला मोठा माणूस, यांत्रिक होडी घेतलेला पहिला. त्याच्या पाठचा भाऊ दादू. चितेला अग्नी देऊन दादू सगळ्यांसमोर बोलला, "ज्याच्या हातानं माझा भाऊ तोडला, तो हात मी त्याच्या अंगाव ठेवनार न्हाय."

फौजदार आला, प्रत्येकाला विचारून गेला. कुणी काही पाहिलं नव्हतं. कोयते तर सगळ्यांनी खाडीत धुतलेले. पण वाड्याला नाव हवं होतं आणि नाव तयार होतं. त्याच आठवड्यात जाळ्याच्या जागेवरून अंबाजीने चंदरच्या थोबाडीत मारली होती, आणि चंदर बोलून गेला होता, तुला बघून घेईन. असं तर आमच्यात जेवताना मीठ मागावं तसं बोलतात. पण आता ते प्रत्येकाला आठवलं.

मी म्हटलं, "अवो, म्हसळ्याला जा मामाकडं. वारं बदलंस्तवर तिकडंच रहा."

"मी काय केलंय? आन त्या वाल्टरनं समदं काढलंय, नले. रीळ मुंबईस्न धुवून येऊ दे. कोनाचा हात व्हता त्ये दिसंल."

मी रडले, भांडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. तो ढिम्म हलला नाही. उलट रीळ कधी येणार म्हणून रोज वॉल्टरला तोच विचारी. अख्ख्या वाड्यात त्या रिळाची वाट कोणी मनापासून पाहिली असेल तर माझ्या नवऱ्याने.

रीळ आलं. मासळीच्या वखारीला ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला. पडदा म्हणून अंबाजीच्याच होडीचं जुनं शीड टांगलं. चंदर धुतलेला सदरा घालून, केस विंचरून पुढे बसला. वॉल्टरने मशीन चालू करण्याआधी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून दाखवला. "एक के ऊपर एक," म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्याच्यासारख्या सिनेमेवाल्यांत सगळेच असं एकावर एक काढतात, त्यामुळे याहून जास्त सांगावं असं त्या शहाण्याला वाटलंच नाही.

शिडावर होळी आली. खांब कलला. धूर आला. आणि त्या धुरातून चंदर आला, गर्दीच्या डोक्यावरून, कमरेपर्यंत उघडा. कोयता वर गेला आणि थेट अंबाजीच्या मानेवर उतरला. पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला. अंबाजी खाली गेला तरी तो हात थांबेना.

आधी फक्त मशीनचा आवाज होता. मग बाकं पडली.

चौघांनी चंदरला उचललं. "मी न्हाय, आरं, ती मुशी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर गुडघा घातला. दात पडले. वॉल्टर इंग्रजीत किंचाळत होता, त्याला भिंतीवर आपटलं. मी दादूच्या पायाला मिठी मारली, त्याने लाथ घातली. मासळी तोडायच्या ओंडक्यावर चंदरचा उजवा हात ताणून धरला. दादूचा पहिला घाव हाडात अडकला. त्याने पाय देऊन कोयता सोडवला आणि दुसरा घातला.

मी लुगडं फाडून दंड करकचून बांधला. कोंडाजी तांडेल, वाड्यातला सगळ्यात जुना माणूस, अलिबागला न्यायला ट्रक बघायला धावला. चंदरचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. रीळ संपून शिडावर नुसता पांढरा उजेड होता. डोळ्यांसमोर मघाचंच चाललं होतं, आणि मला त्यात काहीतरी खुपत होतं. अंबाजीच्या पायाशी काहीतरी होतं.

"वाल्टर," मी म्हटलं, "परत लाव."

त्याच्या नाकातून रक्त येत होतं. ते बाहीने पुसून त्याने लावलं.

होळी आली. खांब कलला. चंदर आला. "त्याच्या त्वांडाकडं नको बघू, दादू," मी म्हटलं. "खाली बघ. भावाच्या पायाशी काय हाय?"

तिथे दोन हात होते. पुसट, पण स्वच्छ दिसत होते. मनगटापासून वर बांगड्याच बांगड्या, आणि मुठीत मुशीची शेपटी.

"ह्ये माझं हात हायेत. होळीच्या रिंगनात बाई कवा उभी राहिली? सांग. ह्ये आदल्या सांजचं हाय. मुशी तोडताना काढलेलं. त्यानं येकाव येक काढलंय."

आता सगळ्यांना दिसायला लागलं. चंदरच्या अंगावर गुलालाचा ठिपका नव्हता. त्याच्या मागे वाळू होती, माणसं नव्हतीच. एकदा चंदर वेगळा काढून बघायला लागलं की त्याच्या हाताआड दुसरा हात दिसत होता. काळ्या-पांढऱ्या चित्रात गुलालाने काळा दिसणारा, खांबावर वार घालायला उचललेला. खांब सरकला, अंबाजी पुढे झाला, आणि तो कोयता त्याच्या मानेत गेला. मनगटात चांदीचं कडं होतं, उजेडात लख्ख चमकलं.

तसं कडं वाड्यात एकाच माणसाच्या हातात होतं. दादूने शिडाकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे. त्यालाही ठाऊक नव्हतं. धुरात, दारूत, त्याला वाटलं होतं वार खांबावर बसला.

"परत लाव," तो म्हणाला.

वॉल्टरने परत लावलं. कडं पुन्हा चमकलं. दादू पुन्हा म्हणाला, परत लाव. तिसऱ्या वेळी रीळ मशीनमध्ये अडकलं आणि अंबाजीच्या मानेपाशी चित्र फुगून करपलं.

चंदरचं डोकं हळूच खाली ठेवून मी उठले. ओंडक्यावरचा कोयता उचलला, माझ्या नवऱ्याच्या रक्ताने तो हातातून सटकत होता. मी तो दादूसमोर टाकला. "घे. शपत तुझीच व्हती. चितेसमोर घेतलीस."

एवढा धिप्पाड माणूस. त्याने कोयत्याकडे पाहिलं, आणि हात पाठीमागे लपवला.

दादूला सहा वर्षांची सजा झाली. आधीच सुटून आला, आणि त्याच हाताने पुन्हा जाळी विणायला बसला. मी त्याच्या दारावरून जाताना अजून थुंकते. तो मान वर करत नाही.

रीळ पोलिसांनी नेलं होतं, ते कोर्टाचं काम संपल्यावर वॉल्टरला परत मिळालं. अडुसष्ट साली मुंबईच्या कुठल्याशा फिल्म सोसायटीचा एक चष्मेवाला आमचं घर शोधत आला. सांगायला लागला, न्यूयॉर्कात ही फिल्म फार गाजते आहे, तळघरं भरतात, तो करपलेला तुकडासुद्धा तसाच ठेवलाय, लोक श्वास रोखून बघतात. मला त्याला चहाच्या कपासकट उंबऱ्याबाहेर काढावंसं वाटत होतं. तो म्हणाला, "मी इथे आणू शकेन. तुम्हाला बघायची आहे का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. चंदर कोपऱ्यात डाव्या हाताने आणि दातांनी दोरीची गाठ मारत होता. त्याने तोंडातली दोरी काढली.

"आना," तो म्हणाला. "माझा त्यो हात चालताना येक डाव बघीन म्हंतो."