आज्याच्या गलबताची घंटा

माणसानं खुशाल थाप मारावी, पण ट्रकवाल्याला घाट बंद असल्याची मारू नये. इतिहास मंडळाच्या चिंतामणी सरांनी नेमकी तीच मारली.

सकाळीच त्यांचा फोन आला. "मुरादभाई, कशेडी घाटात दरड आलीय. रत्नागिरीचे पाहुणे अडकलेत. मंडळाचा आजचा वर्धापनदिन पुढच्या महिन्यात करू."

मुरादभाई पार हिरमुसले. महाडच्या त्या इतिहास मंडळाची रीतच होती, वस्तू ज्याच्या घरची, गोष्ट त्यानंच उभं राहून सांगायची. मुरादभाईंच्या आज्याचं गलबत सावित्री नदीतून मुंबईला जायचं. त्याची पितळी घंटा त्यांनी मंडळाला दिली होती, पण ती ज्यानं वाजते तो आतला लोलक घरीच ठेवला होता. दर वर्षी तो न्यायचा, अडकवायचा, गोष्ट सांगायची, एक टोला द्यायचा आणि काढून परत आणायचा. यंदा तर कुवेतहून नात आली होती, नबीला. उद्या तिचं विमान. पोरीनं आज्याची गोष्ट एकदा तरी ऐकावी, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

दुपारी त्यांचा ड्रायव्हर गणू खेडहून ट्रक घेऊन आला.

"घाट उघडला काय रे?"

"बंद कवा होता? एक दगड नाय रस्त्यात."

तरी मुरादभाईंसारख्या भल्या माणसाच्या मनात काही वाकडं येईल तर शपथ! सरांना कुणीतरी चुकीचं सांगितलं असणार. वर्षानुवर्षांची दोस्ती. मोठ्या पुरात मंडळात चिखल भरला, तेव्हा दोघांनी हातांनी उपसून ही घंटा बाहेर काढली होती.

"चल गो नबीला, सरांना सांगू, आजच करा म्हणून!" लोलक रुमालात बांधला, वर इस्त्रीचा सदराही चढवला आणि निघाले.

मंडळाच्या दारात चपलांचा खच पडला होता. आत माईकवर सर.

"...एवढं वादळ, पण गलबताचे तांडेल, म्हणजे माझे आजोबा, सुकाणू सोडेनात..."

मुरादभाई दारातच थिजले. गोष्ट तीच, गलबत तेच. जिथं मुरादभाईंचा गळा दाटायचा, बरोब्बर तिथंच सरांचाही दाटला. मग सरांनी टोला दिला. नवा लोलक करून घेतला होता, लेथवर. घंटा अगदी पूर्वीसारखी वाजली. मंडळाच्या नव्या दालनाला सरांच्या आजोबांचं नाव जाहीर झालं आणि टाळ्या पडल्या. इतकी वर्षं मुरादभाईंच्या तोंडून ती गोष्ट ऐकलेल्यांनीसुद्धा वाजवल्या.

"दादा," नबीला हळूच म्हणाली, "ही घंटा तर आपली ना?"

सरांनी त्यांना पाहिलं. हसत खाली आले, खांद्यावर हात ठेवला. "अहो, मंडळाला दिलीत म्हणजे सगळ्यांचीच की! दालनाला मंजुरी देणारे नाव बघतात हो. तुम्ही घरचे, समजून घ्याल."

"घरच्यालाच दरड सांगितलीत, सर?" मुरादभाई म्हणाले. "चिखलात हात घातलात तेव्हा वाटलं होतं, माझ्यासाठी घातलात."

सरांनी हसत त्यांचा खांदा थोपटला.

मुरादभाईंनी रुमाल सोडला आणि लोलक पुढं केला. "मग हाही ठेवा. आजाच तुमचा झाला, तर हा माझ्या खिशात कशाला?"

सर शरमतील, नको नको म्हणतील, असं त्या वेड्याला अजून वाटत होतं. सरांनी घेतला की! उलटसुलट करून पाहिला आणि चिटणीस सुहासच्या हातात दिला.

"काचेत ठेवा हा. मूळचा आहे."