शेवटचं रीळ

हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या बाईंना सगळे रीळबाई म्हणत. पेशंटला श्वास रोखून धरायला सांगता सांगता त्या कालच्या सिनेमातल्या खलनायकाची चाल कशी फसवी होती ते सांगून मोकळ्या होत. लग्न केलं नाही, पण सिनेमा एकही सोडला नाही. अठराव्या वर्षापासून बघितलेल्या प्रत्येक सिनेमावर त्या वहीत लिहीत आल्या होत्या. मूकपट असो, काळ्या-पांढऱ्या काळातले रडूचे सिनेमे असोत, भुताचे, हेरांचे, मारामारीचे, की अलीकडचे, ज्यांत डोळ्याची पापणी लवेपर्यंत चार दृश्यं पळतात. अशा बावीस वह्या झाल्या होत्या.

त्यांची मतंही ठाम. जुन्या रडूच्या सिनेमात नायिका मृत्युशय्येवर रडते ते खोटं, नळाखाली भांडी घासताना रडते ते खरं. विनोदी सिनेमात पडणारा माणूस हसवत नाही, पडू नये म्हणून धडपडणारा हसवतो. आणि सुडाच्या सिनेमात नायक वीस वर्षं गप्प बसतो आणि नेमका शेवटी पाच मिनिटं भाषण ठोकतो, तिथे सगळा सूड पातळ होतो.

त्यांच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, प्राध्यापक. पाय मोडून तीन महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा वेळ जात नाही म्हणून त्यांनी वह्या वाचायला मागितल्या. रीळबाईंनी आनंदाने दिल्या. घरात आपलं लिखाण कुणी मागून वाचतंय, ह्याचंच त्यांना अप्रूप. वह्या नीट परत आल्या. दोन वर्षांनी भावोजींचं पुस्तक आलं, ताईने स्वतः प्रत आणून दिली. रीळबाईंनी दोन पेशंटच्या मधल्या वेळात ते उघडलं. सातव्या पानावर नळाखालची भांडी होती. अकराव्यावर धडपडणारा माणूस. पुढे पुढे तर स्वल्पविरामसुद्धा त्यांचेच.

त्याच संध्याकाळी त्या बहिणीकडे गेल्या. भावोजी चिडले नाहीत, उलट हसले. "अगं, वहीत कुजलं असतं ते. मी त्याला पुस्तक केलं. आणि तू म्हणशील ह्या वह्या आधीच्या, तर लोक म्हणतील पुस्तकावरून उतरवल्या. कुणाचं ऐकतील, सांग बरं?" रीळबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने टेबलावरचे कप उचलले आणि ती आत गेली.

त्या दिवसापासून रीळबाईंना दुसरं काही सुचेना. आरशासमोर केस विंचरताना, बसच्या रांगेत उभं असताना त्या भावोजींना मनातल्या मनात हजार वेळा उघडं पाडत. हाती मात्र काही लागेना. पुस्तकाची पारायणं करून करून एके दिवशी त्या एका परिच्छेदापाशी थबकल्या आणि खुर्चीतच ताठ बसल्या.

तो परिच्छेद एका मूकपटावर होता. नावाडी बाईची गोष्ट. नवरा तिला टाकून जातो, नाव तीच चालवू लागते. कैक वर्षांनी तो पलीकडे जायला म्हणून तिच्याच नावेत येऊन बसतो. भर पात्रात ती वल्ही खाली ठेवते, त्याच्याकडे पाहत राहते, आणि ती नजर न सोसून तो स्वतःच पाण्यात उडी घेतो. भावोजींनी ह्या शेवटावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. म्हणजे रीळबाईंनीच. गंमत अशी की शेवट असा नव्हताच. फिल्म क्लबात त्यांनी तो पाहिला तेव्हा शेवटचं रीळ गहाळ होतं. नाव भर पात्रात असतानाच पडदा पांढरा झाला होता. एकोणिसाव्या वर्षी चुटपुट लागून त्यांनी शेवट स्वतः रचला, तोही पाहिल्यासारखा. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मात्र बारीक अक्षरात तशी कबुली दिली होती. भावोजींनी पुठ्ठा कशाला बघितला असेल!

फिल्म क्लबचा ऑपरेटर त्यांचा जुना स्नेही. त्याने परदेशातल्या दोन संग्रहालयांना पत्रं धाडली. सात महिन्यांनी अख्खी प्रत मिळाली. क्लबला पुस्तकाबद्दल भावोजींचा सत्कार करायचाच होता. त्याच दिवशी हा मूकपट दाखवावा असं रीळबाईंनी सेक्रेटरीला सुचवलं, आणि निमंत्रणपत्रिकेवर तो परिच्छेद छापून घेण्याची आठवणही प्रेमाने करून दिली.

रविवारी चार वाजता हॉल भरला. भावोजी वीस मिनिटं बोलले. "विद्यार्थी असताना ती उडी मी पाहिली आणि तीन दिवस मला अन्न गेलं नाही," म्हणाले. टाळ्या पडल्या. सिनेमा सुरू झाला. रीळबाईंनी पडद्याकडे कमी आणि पुढच्या रांगेतल्या भावोजींच्या मानेकडे जास्त पाहिलं.

शेवटचं रीळ आलं. बाईने वल्ही खाली ठेवलीच नाहीत. तिने त्याला पैलतीरी उतरवलं आणि एकदाही मागे न बघता नाव वळवली. तो काठावर हातवारे करत उभा राहिला. संपलं.

आधी पत्रिकांची सळसळ झाली, मग कुजबुज. भावोजी उठले, मान लाल झालेली. जुन्या सिनेमांच्या वेगवेगळ्या प्रती असतात वगैरे म्हणू लागले. रीळबाई जागेवर उभ्या राहिल्या. भाषण करायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

"दुसरी प्रत नाही, भावोजी. ती उडी मी रचली होती. वही आणली आहे."

सेक्रेटरीने पुठ्ठ्यावरचा मजकूर आणि खालची तारीख मोठ्याने वाचली. रीळबाई भावोजींकडे बघत राहिल्या. इतका गोड क्षण त्यांनी कुठल्याच सिनेमात अनुभवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई एक्स-रेच्या खोलीत आली. दार लावून घेतलं. "चारचौघांत कशाला? घरी बोलली असतीस."

"घरी बोलले होते. तू कप उचलून आत गेलीस."

ताई दार उघडून निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही. भावोजी घराबाहेर फारसे पडत नाहीत, असं कानावर येतं, आणि रीळबाईंना ते ऐकून अजूनही बरं वाटतं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं आणि रीळबाईंच्या नावाने काढलं. नव्या आवृत्तीत त्यांनी खरा शेवट लिहिला, आणि आपला शेवट भाबडा होता, असंही. भावोजींनी भाबडाच चोरला, ह्याचाही त्यांना आनंद झाला.

एकच जाणवतं. लहानपणी थिएटरात गर्दी उसळली की ताई पुढे धावून दोन खुर्च्यांवर ओढणी पसरायची. मागच्या आठवड्यात एक विनोदी सिनेमा लागला होता. रीळबाई पोट धरून हसल्या आणि सवयीने डावीकडे, ताईच्या खुर्चीकडे वळल्या. तिथे कुणी अनोळखी गृहस्थ मक्याच्या लाह्या खात होते.

ऑपरेटरने एकदा विचारलं, इतकं करायला हवं होतं का. रीळबाईंनी विचार केला. "हो," म्हणाल्या, आणि पुढच्या शोचं तिकीट काढायला गेल्या.