भर दुपारी पेटवलेला कंदील

मित्रांनो, बाकीचे कंदील दिवस मावळला की पेटतात. मला मात्र भर दुपारी, ऊन डोक्यावर तळपत असताना पेटवायचे. माझा उजेड कुणाला हवा होता, हे मला कितीतरी वर्षे कळले नाही. आता माझ्या काचेला तडा गेला आहे, पत्र्यावर गंज चढला आहे, आणि अजूनही सगळे कळले असे छातीठोकपणे सांगवत नाही. जेवढे उमगले तेवढे सांगतो.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत शमशुद्दीन नावाचे पत्र्याचे कारागीर होते. १९६१ साली त्यांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून मला घडवले. कागलजवळच्या मळ्यातले जयपाल आण्णा मला विकत घेऊन गेले. त्यांच्या अंगणात ज्वारीचे पेव होते, म्हणजे जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी धान्याची कोठी. पेव उघडले की केरबा नावाचा गडी कमरेला दोर बांधून आत उतरायचा आणि पाट्या भरभरून ज्वारी वर पाठवायचा. पण त्याच्या आधी मला पेटवून आत सोडायचे.

तिथेच माझा गोंधळ सुरू झाला. टाकी रॉकेलने भरलेली, वात नवी, तरी खाली गेलो की माझी ज्योत आधी बुटकी व्हायची, मग थरथरायची आणि शेवटी विझून जायची. मला तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. केरबा मात्र कधी रागावला नाही. "कंदील इझला. आज उतरायचं न्हाय," म्हणून तो पेव उघडेच ठेवून घरी निघून जायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी तळाशी जळत राहिलो, तरच उतरायचा. जाताना माझ्या कडीवरून हात फिरवायचा. विझलेल्या कंदिलाचे कसले कौतुक? मी चक्रावून जायचो.

आण्णांना हा खोळंबा खपत नसे. त्यांनी मला दुरुस्तीला परत शिवाजी पेठेत नेले. "ह्यो सारखा इझतोय बघा." शमशुद्दीनचाचांनी मला पेटवले आणि मी झकास जळलो. मग त्यांनी माझ्यावर एक मोठा रिकामा डबा पालथा घातला. थोड्या वेळाने उचलला, तर मी विझलेला.

"ह्यात काय बी खोट न्हाय, पावणं," चाचा म्हणाले. "तेल हाय, वात हाय. त्येला हवा पायजे की!"

आण्णांनी मान डोलावली, आणि येताना बाजारातून एक चकचकीत बॅटरी घेतली.

बहात्तरच्या दुष्काळात पेव उघडले. ज्वारीसाठी माणसे सकाळपासून अंगणात ताटकळत होती. मला खाली सोडले. मी विझलो. मला वर ओढून घेत आण्णा वैतागले. "आरं, कंदीलच फुसका हाय. ही बॅटरी सोड."

बॅटरी दोराने खाली गेली आणि तळाशी लखलखत राहिली. मला तिचा हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? केरबा घुटमळला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा अंगणातल्या माणसांकडे, आणि तो उतरला.

जरा वेळाने खालून आवाज आला, "आण्णा, बैलं सोडलीसा का?"

वर सगळे हसले. पेवात बैल कुठले! पुन्हा आवाज आला, या वेळी जड जिभेने, "बैलं... कुटं गेली..." लोक आणखी हसले. केरबाची बायको चिमणाबाई तेवढी हसली नाही. ती ओरडली, "त्येंचं बोलणं बिगडलंय! वढा, वर वढा!"

दोर ओढला, तेव्हा केरबा निपचित वर आला. बॅटरी खाली तशीच जळत होती.

मोकळ्या हवेत त्याची छाती पुन्हा हलू लागली. डोळे उघडले, पण डोक्यावरचा पटका हाताने चाचपत तो विचारू लागला, "माझा पटका कुणी नेला?" कागलहून डॉक्टर आले. चिमणाबाईने रडतच विचारले, "मार न्हाय, ताप न्हाय, मग असं येड्यावानी का बोलत्यात?"

डॉक्टरांनी मला हातात घेतले. "बाई, मेंदूचं ह्या कंदिलासारखंच आहे. रक्तातली साखर हे त्याचं तेल. ते जाळायला प्राणवायू लागतो. साठवलेली ज्वारीही श्वास घेते, बंद पेवातला प्राणवायू तीच संपवते. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि साठवून काही ठेवत नाही. हवा तुटली की त्याच साखरेतून जेमतेम पंधरावा हिस्सा ताकद मिळते. मग आधी बोलणं चुकतं, नंतर शुद्ध जाते. तुम्ही उशीर केला असता, तर ही ज्योत परत लागली नसती."

"आन् बॅटरी का इझली न्हाय?" आण्णांनी खालच्या मानेने विचारले.

"तिला हवा लागतच नाही. ती काय सांगणार?"

मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की विझणे हेच माझे काम होते. पण कळून उपयोग काय? केरबा जगला, तरी पहिल्यासारखा झाला नाही. धाकट्या लेकीचे नाव त्याला आठवेना. मळ्याची वाट चुकू लागला. मला पेटवायला काडी ओढायचा आणि ती कशासाठी ओढली हे विसरून बोट भाजून घ्यायचा. मी नीट विझलो होतो ना? मग चूक कुणाची, हे कोडे मला अजून पडते.

म्हणून एवढेच मागतो. कुणी कामात अडखळला, मंदावला, तर त्याला फुसका म्हणण्याआधी त्याच्याभोवती हवा आहे का ते बघा.

एकोणऐंशी साली पेव शेवटचे उघडले. आण्णांनी बॅटरीला हातही लावला नाही. त्यांनी मला स्वतः पेटवून खाली सोडले, आणि मी विझलो. "आज न्हाय," आण्णा लगेच म्हणाले आणि लोकांना परत पाठवले.

केरबा कडेला बसून त्या अंधाराकडे बघत होता. बराच वेळ बघून त्याने विचारले, "चिमणे, मी वर हाय न्हवं?"

"व्हय," ती त्याचा हात धरून म्हणाली, "वर हायसा."